थडग्यावरच्या दगडाचे खरे नाव

त्या थडग्यावरची शिला मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा वहीत ‘हिरवा संगमरवर’ अशी नोंद केली आणि पुढच्या शिलेकडे वळलो. गडद हिरव्या अंगावर फिकट हिरव्या आणि पांढऱ्या शिरांचे जाळे होते, मधूनच एखादा तांबूस डाग दिसत होता, आणि एके काळी आरशासारखी असावी अशी झिलई जागोजागी मंदावली होती. दफनभूमीच्या जुन्या नोंदवहीतही ‘हिरवा संगमरवर’ असेच लिहिलेले होते, त्यामुळे शंका घेण्याचे कारण मला दिसले नाही. दोन वर्षांनी मी त्याच शिलेसमोर दोऱ्याला बांधलेले लहानसे लोहचुंबक घेऊन बसलो. वारा पडलेला होता आणि दोरा सरळ लोंबत होता. शिलेपासून बोटभर अंतरावर आल्यावर चुंबक हळूच तिच्याकडे कलले, तिला टेकले, आणि मी हात थोडा मागे घेतला तरी क्षणभर चिकटून राहिले.

संगमरवर म्हणजे मुख्यतः कॅल्साइट, आणि कॅल्साइटकडे चुंबक असे कधीच ओढले जात नाही. पृथ्वीच्या पोटातल्या, ऑलिव्हिन या खनिजाने भरलेल्या जड खडकांमध्ये पाणी शिरते तेव्हा मात्र ते खडक बदलून त्यांचा सर्पेंटिनाइट होतो, आणि या बदलात सुटे पडलेले लोह मॅग्नेटाइटच्या बारीक कणांच्या रूपाने दगडातच अडकून राहते. माझे चुंबक त्या कणांनी ओढून घेतले होते. मी वहीतली जुनी नोंद खोडली नाही. तिच्याखाली नवी लिहिली, कारण पहिली चूक कशामुळे झाली हेही मला लक्षात ठेवायचे होते.

एकदा नाव कळल्यावर त्या शिलेच्या दुखण्याचाही उलगडा झाला. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमधल्या लिझर्ड द्वीपकल्पावर असाच हिरवा-लाल सर्पेंटिनाइट सापडतो. १८४६ मध्ये राणी व्हिक्टोरिया त्या किनाऱ्यावर येऊन गेली आणि त्यानंतर या दगडाच्या वस्तूंना मोठी मागणी आली. घराच्या आत, शेकोटीच्या चौकटीला किंवा खांबाला तो दगड अप्रतिम दिसतो. उघड्यावर मात्र त्याची झिलई फार काळ टिकत नाही, आणि पाणी त्याच्या शिरांमधूनच आत जात असल्यामुळे तो शिरांच्या रेषेवरच उलतो. ग्रीसमधल्या लारिसाजवळचा ‘वेर्दे आंतिको’ हा हिरवा दगडही याच कुळातला आहे. रोमन आणि बायझंटाइन काळात तो भव्य वास्तूंच्या खांबांसाठी वापरला गेला आणि आजही अनेक ठिकाणी त्याला संगमरवरच म्हणतात. माझ्यासमोरच्या शिलेवरचे नाव नेमके एका शिरेच्या बाजूने तडकले होते. ज्याने ती निवडली त्याला हा दगड पावसात उभा करण्याजोगा नाही हे माहीत नसावे, किंवा माहीत असूनही त्याला तो हिरवा रंगच हवा असावा.

या एका दगडाने मला शिकवलेली पहिली गोष्ट नावांबद्दलची आहे. जुन्या स्मृतिशिलांच्या वर्णनांमध्ये येणारी दगडांची नावे बहुतेक वेळा पाथरवटाची आणि व्यापाऱ्याची असतात. घासून चमक आली की तो संगमरवर आणि टाकीला दाद देत नसला की तो ग्रॅनाइट, असा त्यांचा व्यवहार असतो. हा व्यवहार खोटा नाही, कारण घडवणाऱ्याला दगड कसा फुटतो हे कळायला हवे, तो कसा जन्मला हे कळले नाही तरी त्याचे अडत नाही. मात्र एकाचा शब्द दुसऱ्याच्या अर्थाने वाचला की गोंधळ होतो. इंग्लंडमधला ‘पर्बेक मार्बल’ हा गोड्या पाण्यातल्या गोगलगाईंच्या शंखांनी खच्चून भरलेला चुनखडक आहे. वुस्टर कॅथेड्रलमधल्या किंग जॉनच्या थडग्यावर राजाची जी पहुडलेली प्रतिमा आहे ती याच दगडाची आहे, आणि भिंगातून पाहिले तर या दगडात शंखांचे गोल आडवे छेद एकमेकांना खेटून बसलेले दिसतात. डर्बीशरचा ‘ॲशफर्ड ब्लॅक मार्बल’ हासुद्धा चुनखडकच आहे, त्याला काळेपण आले आहे ते डांबरासारख्या सेंद्रिय द्रव्याने. आणि आज जगभर ‘काळा ग्रॅनाइट’ म्हणून ज्या शिला उभ्या राहतात, त्यांतल्या बहुतेक गॅब्रो किंवा डोलराइट या गडद अग्निजन्य खडकांच्या असतात. खऱ्या ग्रॅनाइटमध्ये भरपूर गारगोटी असते आणि ती काचेच्या करड्या तुकड्यांसारखी सहज दिसते, तर या काळ्या दगडांत ती शोधूनही हाती लागत नाही.

नावाच्या या गोंधळातून सम्राटही सुटलेले नाहीत. पॅरिसमधल्या लेझँव्हालीद या वास्तूत नेपोलियनची जी प्रचंड तांबडी शवपेटी आहे, तिचे वर्णन अनेक ठिकाणी ‘लाल पॉर्फिरी’ असे केलेले आढळते. पॉर्फिरी हा रोमन सम्राटांचा दगड आहे. इजिप्तच्या पूर्वेकडच्या वाळवंटातल्या एकाच डोंगराळ भागातून तो येत असे, आणि बायझंटाइन सम्राटांच्या व पुढे पालेर्मोत सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकच्या शवपेटीसाठीही तो वापरला गेला. नेपोलियनसाठी तसाच रंग हवा होता हे उघड आहे. प्रत्यक्षात आला तो रशियातल्या ओनेगा सरोवराकाठचा, शोक्शा येथील क्वार्टझाइट. हे दोन दगड ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. पॉर्फिरीच्या जांभळ्या अंगात फेल्डस्पार या फिकट गुलाबी-पांढऱ्या खनिजाचे ठिपके विखुरलेले असतात, कारण तो अग्निजन्य खडक आहे आणि ते स्फटिक भोवतालचा रस गोठण्यापूर्वीच वाढलेले असतात. क्वार्टझाइट म्हणजे वाळूच, इतकी घट्ट सांधली गेलेली की दगड फोडला तर भेग कणांच्या कडेने न जाता कणांमधून आरपार जाते. त्यात ठिपके नसतात, असतो तो एकसारखा रंग आणि कुठे कुठे जुन्या थरांची पुसट रेघ.

आता ओळखायचे कसे, याबद्दल. मी हे काम शिकत असताना जे केले त्यातली एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. भूशास्त्राच्या पुस्तकांत सांगितल्याप्रमाणे कॅल्साइटवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की फेस येतो, आणि माझ्याजवळ त्याची छोटी बाटली होती. एका पांढऱ्या शिलेच्या मागच्या कडेवर मी तीन थेंब टाकले. फेस आला, संगमरवर असल्याचे सिद्ध झाले, आणि पाणी ओतून मी ती जागा धुतली. पाणी सुकल्यावर तिथे तीन वाटोळे, निस्तेज, किंचित खोलगट डाग उरले होते. ते आजही तिथे आहेत. ती शिला संगमरवराची आहे हे तिच्या तुटलेल्या कोपऱ्यातल्या साखरेसारख्या कणांवरून आणि उन्हात त्या कणांच्या सपाट बाजूंवर चमकणाऱ्या उजेडावरूनच मला कळायला हवे होते. कोणाच्या तरी स्मरणार्थ उभी केलेली वस्तू माझ्या उत्सुकतेसाठी डागाळण्याचा मला अधिकार नव्हता. त्या दिवसानंतर आम्ल, चाकूचे टोक, तारेचा ब्रश यांपैकी काहीही मी कोणत्याही थडग्याजवळ नेलेले नाही.

त्याऐवजी जवळ असते ते दहापट मोठे दाखवणारे भिंग, साध्या पाण्याची फवारणीची बाटली, एक छोटा आरसा आणि ते चुंबक. पाण्याने दगडाचा खरा रंग क्षणभर वर येतो. कोरडा असताना राखाडी वाटणारा दगड भिजल्यावर हिरवट, जांभळा किंवा चक्क ठिपकेदार निघतो. मात्र जिथे पापुद्रे सुटू लागले आहेत तिथे पाणीसुद्धा मारू नये. आरशाने ऊन कडेने फेकले की उथळ झालेली अक्षरे वाचता येतात, आणि त्याच तिरप्या उजेडात दगडाचा पोतही उघडा पडतो. वालुकाश्माचे कण सुटे सुटे दिसतात, स्लेट रेशमी आणि सपाट दिसते, शिस्ट या पदरी खडकात अभ्रकाच्या पापण्या एकाच दिशेने लवलेल्या असतात. बोटांनाही बरेच कळते. शंखजिऱ्याचा दगड साबणासारखा बुळबुळीत लागतो, आणि एकदा ती जाणीव झाली की ती विसरत नाही.

दगडफुलेही साक्ष देतात, फक्त ती ऐकताना सावध असावे लागते. चुनखडकावर आणि संगमरवरावर वाढणाऱ्या दगडफुलांच्या जाती वेगळ्या, ग्रॅनाइट आणि वालुकाश्मावरच्या वेगळ्या. काळ्या रेषांनी आखलेल्या नकाशासारखे दिसणारे पिवळट-हिरवे दगडफूल गारगोटीयुक्त, चुना नसलेल्या दगडावर वाढते. केशरी रंगाचे काही प्रकार चुन्याच्या दगडावर आनंदाने पसरतात. पण शिलेच्या माथ्यावर पक्षी बसत असतील तर त्यांच्या विष्ठेमुळे ग्रॅनाइटच्या माथ्यावरही केशरी पट्टा उमटतो. म्हणून मी माथ्यावरचे दगडफूल पुरावा म्हणून धरत नाही, शिलेच्या अंगावरचे धरतो. आणि दगड पाहता यावा म्हणून ते खरवडून काढण्याचा मोह कितीही झाला तरी त्याला हात लावू नये, कारण त्याचे तंतू कणांच्या आत शिरलेले असतात आणि त्याच्याबरोबर दगडही निघून येतो.

दगड कसा झिजला आहे हे पाहणे ही माझ्या मते ओळखीची सर्वांत खात्रीची वाट आहे. स्कॉटिश भूशास्त्रज्ञ आर्चिबाल्ड गीकी यांनी १८८० मध्ये एडिनबरोच्या दफनभूमींमधल्या शिलांची पाहणी प्रसिद्ध केली. शिलेवर तारीख कोरलेली असते, म्हणजे दगड उघड्यावर किती वर्षे आहे हे आयतेच कळते, ही त्यांची साधी आणि मोठी दृष्टी होती. त्यांनी नोंदवलेल्या थडग्यांमध्ये रसायनशास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक यांचेही थडगे आहे. चुनखडकासारख्या पदार्थांत एक वायू, म्हणजे आजचा कार्बन डायऑक्साइड, बांधला गेलेला असतो हे अठराव्या शतकाच्या मध्यास दाखवून देणारे हेच ब्लॅक. ते १७९९ मध्ये वारले. त्यांच्या थडग्यावरच्या संगमरवरी फलकाची अक्षरे गीकींच्या वेळेपर्यंतच, म्हणजे शंभर वर्षे भरण्याच्या आत, काही ठिकाणी वाचेनाशी झाली होती. ज्या वायूला त्यांनी ओळखले तोच पावसाच्या पाण्यात विरघळून संगमरवर खातो, आणि शहराच्या धुरातले गंधकाचे आम्ल ते काम कितीतरी पटींनी वाढवते. ही नोंद वाचली त्या दिवशी मी बराच वेळ दुसरे काही वाचू शकलो नव्हतो.

संगमरवराच्या झिजेचे आणखी एक लक्षण गीकींनी टिपले होते, ते म्हणजे वाकणे. कॅल्साइटचा स्फटिक तापल्यावर एका दिशेने प्रसरण पावतो आणि दुसऱ्या दिशेने किंचित आकसतो, त्यामुळे वर्षानुवर्षांच्या ऊन-थंडीत कणांची आपसातली पकड सुटते आणि पातळ शिला धनुष्यासारखी बाक घेते. पातळ, पांढरी आणि पोट काढून उभी असलेली शिला दिसली तर ती संगमरवराची असणार, असे मी आता दुरूनही म्हणू शकतो. जिथे संगमरवरात शिसे भरून अक्षरे केलेली असतात तिथे दुसरा पुरावा हाताला लागतो. मुळात शिशाची अक्षरे दगडाच्या पातळीत घासलेली असतात, पण शिसे टिकते आणि दगड विरघळतो, म्हणून काही दशकांनी अक्षरे वर उचललेली जाणवतात. डोळे मिटून त्यांवरून नखाची मागची बाजू फिरवली तरी पायरी लागते. दगड किती झिजला याचे माप संशोधक याच पायरीवरून घेतात.

स्लेटची तऱ्हा अगदी वेगळी. तिच्यावरची अडीचशे वर्षांपूर्वीची नक्षी काल कोरल्यासारखी धारदार असते, आणि जाते तेव्हा थराच्या थर निघून जातो. लेस्टरशरमधल्या स्विदलँडच्या स्लेटच्या शिलांची पुढची बाजू अतिशय सुबक कोरलेली असते आणि मागची खाणीतून निघाली तशीच ओबडधोबड ठेवलेली असते, म्हणून मी शिलेची पाठ पाहिल्याशिवाय पुढे जात नाही. वालुकाश्माच्या बाबतीत सगळे अवलंबून असते ते पाथरवटाने थर कसे उभे केले यावर. गाळ साचताना थर आडवे पडतात, आणि भिंतीत दगड तसाच आडवा बसवला तर तो टिकतो. थडग्याची शिला मात्र उंच आणि पातळ हवी असते, त्यामुळे थर शिलेच्या तोंडाला समांतर उभे राहतात, आणि पाणी शिरले की अक्षरांसकट पुढचा अख्खा पापुद्रा फुगून सुटतो.

काही शिला तर दगडाच्याच नसतात. लंडनच्या लँबेथमध्ये एलिनॉर कोड यांनी १७६९ पासून एक कृत्रिम दगड बनवला. खरे तर ती भट्टीत भाजलेली माती आहे, आणि तिच्यात आधी भाजून कुटलेली मातीही मिसळलेली असे. १८१७ मध्ये वारलेले नौदल अधिकारी विल्यम ब्लाय यांचे लँबेथमधलेच थडगे या कोड स्टोनचे आहे. कण दिसत नाहीत, शिरा नाहीत, थर नाहीत, आणि कडा मात्र आश्चर्य वाटावे इतक्या ताज्या. नैसर्गिक दगडात यांपैकी काहीतरी असतेच, म्हणून काहीच दिसले नाही की मी साच्याची सांधरेषा शोधू लागतो. अमेरिकेत १८७० च्या दशकापासून पहिल्या महायुद्धाच्या सुमारापर्यंत ‘व्हाइट ब्राँझ’ नावाने स्मारके विकली गेली. ती ना पांढरी आहेत ना ब्राँझची. ती ओतीव जस्ताची असून रंगाने निळसर करडी आहेत, आणि दगडासारखा खडबडीतपणा त्यांना मुद्दाम दिलेला असतो. बोटाच्या पेराने हळूच टकटक केली की आतला पोकळ आवाज येतो आणि सगळे स्पष्ट होते.

समुद्राजवळच्या दफनभूमींत आणखी एक साहित्य आढळते, प्रवाळ. मालदीवमधली जुनी कोरीव थडगी आणि पूर्व आफ्रिकेच्या स्वाहिली किनाऱ्यावरची स्तंभांची थडगी त्याची आहेत. स्वाहिली स्तंभांत तर चिनी मातीचे वाडगेही बसवलेले असत. जिवंत प्रवाळाचा गोटा समुद्रातून काढला की ओला असेतो तो सहज कापता येतो आणि वाळल्यावर कठीण होतो, म्हणून त्यावर लाकडावर करावे तसे नाजूक काम करता येते. भिंगाखाली त्याचा पृष्ठभाग म्हणजे एकमेकांना चिकटलेली बारीक बारीक घरे असतात, प्रत्येक घरात मध्याकडे जाणारे इवलेसे पडदे. एका एका घरात एक एक जीव राहून गेलेला आहे, आणि त्यांच्या वसाहतीवर एका माणसाचे नाव कोरलेले आहे.

जिथे दगड मृताच्या आयुष्याशी बांधून निवडला आहे अशा थडग्यांविषयी मला विशेष ओढ वाटते. हिमयुगाची कल्पना जगापुढे मांडणारे लुई अगासी १८७३ मध्ये वारले. केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथील त्यांच्या थडग्यावर स्वित्झर्लंडमधल्या आर हिमनदीवरून आणलेला गोटा आहे, ज्या हिमनदीवर त्यांनी निरीक्षणे केली तिथला. त्याच राज्यातल्या काँकर्ड येथे राल्फ वाल्डो इमर्सन यांच्या थडग्यावर गुलाबी गारगोटीचा न घडवलेला मोठा खडक ठेवलेला आहे. अशा ठिकाणी दगड ओळखता आला नाही तर सांगितलेली अर्धी गोष्ट ऐकू येत नाही.

दगडावरून काळही उघडा पडतो. माझ्या वहीत एका शिलेची नोंद आहे, मृत्यूचे वर्ष १८५२. दगड गडद निळा-करडा, स्फटिक अंगठ्याच्या नखाएवढे, आणि डोके जरा हलवले की एकेका स्फटिकातून चंदेरी-निळी झाक उठते आणि विझते. तो लार्विकाइट आहे, नॉर्वेतल्या लार्विक गावाच्या परिसरातला. ही झाक रंगाची नाही, फेल्डस्पारच्या आतल्या अतिसूक्ष्म पदरांवरून परतणाऱ्या प्रकाशाची आहे, म्हणून ती फोटोत नीट येत नाही आणि पाहणाऱ्यालाच हलावे लागते. पण या दगडाचा व्यापार एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत सुरू झाला. १८५२ मध्ये मेलेल्या माणसाच्या थडग्यावर तो त्याच वर्षी उभा राहणे शक्य नव्हते. म्हणजे कोणीतरी, बहुधा नातवंडांच्या पिढीतल्याने, तीन-चार दशकांनी किंवा त्याहूनही उशिरा ही शिला नव्याने बसवली होती. नोंदवहीत तसे काहीच लिहिलेले नव्हते.

पावसाळा संपल्यावर मी पुन्हा तिथे गेलो. गवत कापलेले होते आणि लार्विकाइटच्या पायाला टेकलेली, जमिनीतून चार बोटे वर आलेली एक कड दिसत होती. पिवळसर वालुकाश्म, थर उभे, शिलेच्या तोंडाला समांतर, वरचा भाग सरळ पापुद्र्यांत सुटून गेलेला. गुडघे टेकून मी आरशाने तिच्यावर ऊन घेतले. उरलेल्या पातळ पापुद्र्यावर एका आकड्याचा खालचा भाग होता, डावीकडून येऊन उजवीकडे सपाट संपणारी रेघ, दोनाच्या आकड्याची असते तशी. मी तिला हात लावला नाही. वहीत १८५२ च्या नोंदीखाली ‘वालुकाश्म, पिवळसर, थर उभे’ एवढे लिहिले आणि मोजपट्टी शेजारी ठेवून एक फोटो घेतला.